रविवारचे पाच छर्रे

नजमाभाभींचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या वेळेवरून एका गृहस्थांशी तावातावाने भांडत होतो. फोन दोनदा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून बाहेर येऊन उचलला. "भाऊ, हे गेले," त्या म्हणाल्या. एवढंच. मी "बरं" म्हणालो... पस्तीस वर्षं जुन्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून माणूस "बरं" म्हणतो, याची मला अजून लाज वाटते. परत आत जाऊन खुर्चीवर बसलो. समोरचे गृहस्थ म्हणाले, "हं, बोला कांबळेसाहेब, काय म्हणणं आहे तुमचं?" तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की माझं आता कशाबद्दलच काही म्हणणं नाही. उठलो, गाडी काढली आणि पौडच्या रस्त्याला लागलो. दुपारी दफन झालं. मीही तीन मुठी माती दिली आणि हात न धुताच घरी आलो.

हमीद मुलाणी हे नाव तुम्ही ऐकलेलं असायचं काही कारण नाही. पौडच्या बाजारात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंसं. त्यांच्यासाठी शोकसभा वगैरे झाली नाही, ते एका परीनं बरंच झालं. शोकसभांचा मला आता वीट आलाय. सगळे चांगलं चांगलं बोलतात आणि चहा पिऊन घरी जातात. मला इथे चांगलं बोलायचं नाही. मला एक चूक सांगायची आहे. ती माझी आहे, आणि तिच्यापायी एका कसबी माणसानं शेवटची तीन वर्षं स्वतःला निकामी समजून काढली. हे मला ते गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, आणि कदाचित ते आज दुकानात बसलेले असते.

आमची ओळख घड्याळामुळेच झाली. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात नवा नवा कनिष्ठ अभियंता, कासारसाईच्या धरणावर नेमणूक. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ कालव्यात पडलं, ते घेऊन सोमवारी पौडला गेलो. हमीदभाईंनी ते कानाला लावलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, "ह्या आठवड्यात न्हाई उघडायचं. म्होरल्या सोमवारी आणा." मी म्हटलं, "अहो, दुकान तर रिकामं दिसतंय." तर शांतपणे म्हणाले, "दुकान रिकामं हाय, पन काल तीनच लागले." मला वाटलं माणसाचं डोकं फिरलेलं आहे. तावातावाने दुसरीकडे गेलो, दुसऱ्यानं त्या घड्याळाची पार वाट लावली, आणि पुढच्या सोमवारी मुकाट्याने पुन्हा यांच्याच दारात येऊन उभा राहिलो. या खेपेला त्यांनी ते उघडलं. आदल्या दिवशी पाचच्या पाच लागले होते.

हा 'पाच'चा प्रकार असा. हमीदभाई ज्या उस्तादांकडे काम शिकले त्यांचा हात म्हातारपणी कापायला लागला होता, आणि ते उस्तादांना सोडून बाकी सगळ्यांना दिसत होतं. शेवटी त्यांनी एका गिऱ्हाइकाचं वाडवडलांचं घड्याळ बिघडवलं आणि त्या धक्क्यानं अंथरूण धरलं. हमीदभाईंनी तेव्हाच ठरवलं की आपल्या हाताची साक्ष आपण द्यायची नाही, बाहेरच्या कुणाकडून घ्यायची. ती बाहेरची साक्षीदार म्हणजे त्यांची छऱ्याची बंदूक. दर रविवारी सकाळी, मेलेल्या घड्याळांची मागची झाकणं तारेला टांगायची आणि वीस पावलांवरून पाच छर्रे मारायचे. पाच लागले तर त्या आठवड्यात कुठलंही घड्याळ उघडायचं, अगदी बायकांची नखाएवढी घड्याळंसुद्धा. चार लागले तर नुसती मोठी. तीन किंवा कमी, तर पट्टे आणि सेल बदलायचे, आतल्या अंगाला हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा ऐकून हसलो. म्हटलं, हे काय खूळ! तर मला म्हणाले, "सायेब, धरनात पानी किती चढलं ते बघाया तुमी पट्टी लावता का न्हाई? का धरनालाच इचारता?" 

पुढे मीही रविवारी त्यांच्याबरोबर जायला लागलो. कासारसाईच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेली दगडखाण होती, मागे उभा कातळ, माणसाचा वावर नाही. ते मोपेडवरून गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन यायचे. वाटेत माण लागायचं. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, नंतर नंतर तिथे खोल्या भाड्याने देण्याच्या पाट्यांशिवाय काही दिसेना. हमीदभाईंचे पाच झाले की मी माझे पाच मारायचो. माझे छर्रे गावभर जायचे. "सायेब, कातळाला तरी लागला का?" असं ते गंभीर चेहऱ्यानं विचारायचे आणि मग डब्यातला खिमा-पाव माझ्यापुढे सरकवायचे. पाखराला किंवा माकडाला त्यांनी कधी छर्रा मारला नाही. कुणी भेकराच्या शिकारीच्या गोष्टी काढल्या तर उठून जायचे.

त्या बंदुकीबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. नळी मधोमध मोडून आतली स्प्रिंग ताणायची आणि चाप ओढला की ती सुटते, असली ती बंदूक. दिसायला खेळण्यातली, पण धक्का विलक्षण. "मोठी बंदूक एकदाच लाथ मारती, मागं," हमीदभाई मला सांगायचे. "ही दोनदा मारती. स्प्रिंग सुटली की मागं, आन् स्प्रिंग आत जाऊन आदळली की म्होरं. समदं एका पापनीत. म्हनून हिला आवळून धरायची न्हाई. कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी धरा, हिला पायजे तशी हलू द्या." मला ते कधी जमलं नाही. मी आयुष्यभर सगळंच आवळून धरलं.

साठी उलटल्यावर त्यांना जवळचं आणि लांबचं एकदम दिसेना. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, पुसट व्हायला लागली. हात ठीक, पण नजर जुळत नाही, तर साक्ष खोटी निघणार... म्हणून त्यांनी बंदुकीला दुर्बीण बसवायचं ठरवलं. कुणी दुसरा असता तर दुकानात जाऊन मिळेल ती आणली असती. हमीदभाईंनी त्यात दीड वर्ष घालवलं. आधी एक स्वस्तातली आणली, ती महिनाभरात गेली. दुसरी दोन महिन्यांत. दोन्ही त्यांनी दुकानात उघडून पाहिल्या आणि मला भिंग लावून दाखवल्या. आतल्या काचा मागच्या धक्क्याला टेकवून बसवलेल्या होत्या, पुढच्या धक्क्याला त्यांना काही आधारच नव्हता. मग त्यांनी घड्याळाच्या पावतीच्या मागे आपल्याला काय पाहिजे ते लिहून काढलं. दुर्बीण आखूड पाहिजे. हलकी पाहिजे, जड असली की धक्क्यात तिचं वजन तिलाच मारतं. लहानमोठं दिसण्याची चक्रं नकोत, आत जितकं कमी हलणारं तितकं कमी मोडणारं. दहा-वीस पावलांवरचं स्वच्छ दिसायला पाहिजे. बंदुकीवर धरणारी पकड एकसंध पाहिजे, आणि ती मागे सरकू नये म्हणून तिला खाली खुंटी पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्हीकडचा धक्का खाणारी पाहिजे. तशी एक त्यांना सापडलीही होती. शहरातला दुकानदार म्हणाला होता, मागवावी लागेल, पाच-सहा महिने लागतील. हमीदभाई थांबायला तयार होते.

मी नव्हतो. मी नुकताच निवृत्त झालो होतो, हातात वेळ होता, आणि मित्राला काहीतरी भारी द्यावं अशी हौस आली होती. माझा पुतण्या अमेरिकेतून यायचा होता. त्याला मी फोन केला, म्हटलं, तिकडची सगळ्यात चांगली दुर्बीण आण, पैशाकडे बघू नकोस. त्यानं आणली. हातभर लांब, हातात घेतली तर मनगट खाली जाईल अशी, चार चार चक्रं, डब्यावर शिंगवाल्या हरणाचं चित्र. मी ती दिमाखात हमीदभाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून बाजूला ठेवलं, दुर्बीण दोन्ही हातांनी उचलली आणि तिचं वजन अजमावलं. मग एकच विचारलं. "सायेब, ही म्होरला धक्का खाईल ना?"

आणि मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. "अहो हमीदभाई, ही हत्ती मारायच्या बंदुकीवर चालते! तुमच्या छऱ्याच्या बंदुकीचं काय घेऊन बसलात!" वर हसलोही. मला त्यातलं काडीइतकं कळत नव्हतं. मी धरणावरचा माणूस. पण अभियंता होतो, साहेब होतो, आणि आमच्याकडे साहेबानं एकदा सांगितलं की ते झालं. हमीदभाईंनी मान हलवली. "तुमी म्हन्ता मंजे आसंल," म्हणाले आणि ती पावतीमागची यादी ड्रॉवरमध्ये टाकली. दुर्बीण लांब होती, तिच्या आड येत होती म्हणून बंदुकीवरची नेम धरायची जुनी खाचेची पट्टीही त्यांनी काढून ठेवली.

पहिले काही महिने झकास गेले. पाच, पाच, पाच. हमीदभाई पोरासारखे खूश. खाणीतून परत येताना म्हणायचे, "सायेबांनी डोळं दिले." मग एका रविवारी चार लागले. पुढच्या रविवारी तीन. मग दोन. एकदा एकही नाही. छर्रा एकदा डावीकडे जायचा, चक्र फिरवून दुरुस्त केलं की पुढचा वर जायचा, मग खाली. आता मागे वळून बघितलं की डोकं धरून बसावंसं वाटतं... त्या माणसानं काय तपासायचं ठेवलं नाही! स्प्रिंग नवी बसवली. नळी धुतली. छर्रे सोनाराच्या काट्यावर एकेक तोलून वेगळे केले. पकडीचे स्क्रू बघितले. चहा सोडला, पान सोडलं. एका डोळ्यात जरासा मोतीबिंदू होता, तो अजून पिकायचा होता, तरी काढून घेतला. सगळं तपासलं, फक्त दुर्बीण तपासली नाही. आधीच्या दोन त्यांनी उघडून बघितल्या होत्या. माझी उघडली नाही. ती मी दिलेली होती, आणि मी सांगितलं होतं. माझं म्हणाल तर, माझे छर्रे आधीपासूनच कुठेही जात होते, त्यामुळे मला कशाचाच संशय यायचं कारण नव्हतं.

एका रविवारी खाणीत ते बंदूक मांडीवर घेऊन दगडावर बसले आणि उजवा हात उताणा करून बघत राहिले. "कापतोय का हो, सायेब?" मला विचारलं. मी बघितलं. मला काही कापताना दिसलं नाही. पण समोर पाच झाकणं तशीच्या तशी लटकत होती, आणि मी म्हणालो, "वय झालं हमीदभाई. वय कुणाला चुकलंय?" धीर द्यायला म्हणालो. देवाशपथ धीर द्यायलाच म्हणालो.

त्यांनी आपला नियम पाळला. आधी बायकांची घड्याळं बंद झाली, मग मोठी, मग दुरुस्तीला आलेली घड्याळं एकेक करून लोकांना घरी नेऊन दिली. पौडात, घोटवड्यात, पार मुळशीच्या वरच्या गावांपर्यंत मोपेडवर गेले आणि प्रत्येकाला सांगून आले, माझा हात गेला, माफ करा. लोक म्हणायचे, अहो चाचा, करा हो, बिघडलं तर बिघडलं. तर म्हणायचे, "ज्या हाताला वीस पावलांवरचं झाकन घावंना, त्या हातात लोकाच्या बापाचं घड्याळ कसं घिऊ?" मी समजूत घालायला गेलो नाही. मला वाटलं, किती तत्त्वाचा माणूस! चार लोकांत त्यांचं कौतुकही केलं. दुकान त्यांनी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला देऊन टाकलं.

त्यानंतरची तीन वर्षं मी फार लिहीत नाही. लिहायला दमतो. माणूस घराच्या पायरीवर बसलेला असायचा, हात मांडीवर पालथे. मी गेलो की "या सायेब" म्हणायचे, चहा यायचा, पण बोलणं पुढे सरकायचं नाही. रविवार बंद झाले. अंग उतरलं. एरवी रस्त्यानं कुणी गेलं तर त्याच्या मनगटाकडे आधी बघणारा माणूस खाली जमिनीकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही. माझ्या जाण्यातही मग अंतर पडत गेलं. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर बसून मला कंटाळा यायचा. यंदा थंडीत ताप आला, छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखान्यात होते. मी एकदा जाऊन आलो. पुन्हा जाणार होतो, ते राहून गेलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी मला बोलावून बंदूक दिली. म्हणाल्या, "घिऊन जावा भाऊ. कपाटामागनं सारखी दिसती." मी ती घरी आणली आणि आठवड्याने, रविवारच होता, एकटाच खाणीत गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली, म्हणजे माझ्या हाताचा प्रश्नच नको. पुठ्ठ्यावर एक ठिपका काढून पाच छर्रे मारले. पाच ठिकाणी पाच. हसू आलं, म्हटलं, आपण ते आपणच. तेवढ्यात गोणपाटाला शिवलेल्या खिशात ती जुनी खाचेची पट्टी हाताला लागली. हमीदभाई काही फेकत नसत. दुर्बीण उतरवली, पट्टी बसवली, त्याच पिशवीवरून पाच मारले. पाचही छर्रे पुरीएवढ्या जागेत. माझे! मी, ज्याचा नेम कातळावरही लागत नाही तो... परत दुर्बीण बसवली, परत पाच ठिकाणी पाच. मी तिथेच दगडावर बसलो. 

घरी येऊन खोक्याला दोन खाचा केल्या, दुर्बीण त्यांत टेकवली आणि आतली नेम धरायची फुली समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याशी जुळवली. मग बोटानं दुर्बिणीवर हलकेच टिचकी मारली. फुली टाकी सोडून शेजारच्या अँटेनावर गेली. पुन्हा टिचकी, आता जिन्याच्या खिडकीवर. शहरात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी नेली. त्यांनी ती कानाशी हलवली आणि मागचं कडं फिरवून उघडली. आतली नळी सुटून खुळखुळत होती. "बऱ्याच दिवसांची गेलीये," म्हणाले. "मोठ्या बंदुकीची दुर्बीण ही, पुढचा झटका हिला सोसत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीला आखूड, हलकी, दोन्ही अंगांनी बांधलेली लागते." पावतीमागची यादीच ते मला वाचून दाखवत होते. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कुणी शहाण्यानं बसवली ही?" मी म्हटलं, "मी."

म्हणजे हात गेलाच नव्हता. नजर गेली नव्हती. पाणी मोजायची पट्टी तुटली होती, आणि आम्ही धरण आटलं असं समजून बसलो.

आता प्रश्न होता भाभींना सांगायचं की नाही. सुमन, माझी बायको, स्पष्ट म्हणाली, "सांगू नका. तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून त्या बाईच्या डोक्यावर कशाला टाकता?" तिचं बरोबर होतं. पंधरा दिवस मी गप्प राहिलो. पण झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी वाटलं, पौडभर सगळे म्हणतात मुलाणीचाचांचा हात गेला होता, भाभीही तेच धरून बसल्यात, आणि हे खोटं आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर माझी चूक किती दिवस राहू द्यायची? गेल्या शुक्रवारी सकाळी गेलो.

भाभी ओसरीवर वाकळ शिवत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हत्तीचं सांगितलं, वयाचं सांगितलं. त्यांनी हातातली वाकळ बाजूला ठेवली. संपल्यावर एवढंच विचारलं, "मंजे हात बरा व्हता?"

"बरा होता, भाभी. शेवटपर्यंत बरा होता."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्या उठून आत गेल्या, चहाचं आधण ठेवून एक पावडरच्या डब्याचं झाकण घेऊन आल्या, चिंध्या भरून वर कापड शिवलेलं. त्याच्यात सुया टोचलेल्या होत्या, दहा-बारा मोकळ्या आणि दोन दोरा ओवलेल्या.

"मला सुईचं नेढं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "चार-पाच वर्सं झाली. रोज सकाळी च्याचं आधन ठिवलं की हे दहा सुया ववून ठिवायचे. च्या व्हायच्या आत दहा. दवाखान्यात गेले त्या सकाळीबी ववल्या, अंगात ताप आसून. ह्या दोन त्यातल्या."  झाकणाकडे बघत होत्या. "हात गेला, हात गेला म्हनत पायरीवर बसायचे, भाऊ, आन् उठून आत येऊन माझ्या सुया ववायचे. एका झटक्यात दोरा आरपार. मी रोज बघत व्हते की वो. रोज! मला का न्हाई कळलं? एक डाव जरी बोलले आस्ते, आवं, गेलेल्या हातानं सुई ववतं व्हय कुनी..."

सुमननं सांगितलं होतं तेच झालं होतं. चूक माझी होती, एकट्याची होती, आणि आता तिचा अर्धा भाग त्या बाईनं उचलून आपल्या पदरात घेतला होता. मी म्हणालो, "भाभी, तुमचा काय दोष यात?" त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग दोनांतली एक सुई काढली आणि वाकळ मांडीवर ओढून शिवायला लागल्या. बारीक, सरळ टाका. मी उठायला पाहिजे होतं, पण उठवेना. दोरा सरत सरत बोटभर राहिला, तेव्हा त्यांनी गाठ मारली, दातानं तोडला, आणि रिकामी सुई रिळासकट माझ्यापुढे धरली.

"ववा," म्हणाल्या.

मी चष्मा चढवला. दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं, सुई उजेडाकडे धरली. नाही गेला. परत ओलं केलं, परत नाही. सुई इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. "आवळू नका," भाभी म्हणाल्या. सातव्या का आठव्या खेपेला दोरा पलीकडे गेला. मी ती सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती झाकणाच्या उशीला टोचली, हमीदभाईंची राहिलेली एक बाजूला सरकवली, आणि पुढची मोकळी सुई काढून माझ्या हातात ठेवली. आत चहाचं आधण उकळून उकळून आटत होतं, त्याचा वास यायला लागला होता. पण दहा ओवून झाल्याशिवाय त्यांनी मला उठू दिलं नाही.